तेल हवं ते पिनीपाशी

चेन सैल पडून उतरू लागली की पोलादी पट्ट्या ताणल्या गेल्या असं वाटतं. खरं तर पट्ट्या आहेत तेवढ्याच राहतात, झिजतात त्यांना जोडणाऱ्या पिना. पिनीभोवती बुश आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर, ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये आणली. साध्या सायकलच्या चेनमध्ये असे शंभरावर सांधे असतात. प्रत्येक सांधा जेमतेम ०.१३ मिलिमीटर सैलावला तरी चेन एक टक्क्याने वाढते. घरच्या फूटपट्टीने हे तपासता येतं. एका पिनीच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती पाव सुताने नव्हे, चांगली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग पुढे गेली असेल, तर चेन बदलायलाच हवी.

ही झीज करते धूळ. वाळूतलं क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण. चेनवर बाहेरून थापलेलं तेल तेच कण धरून ठेवतं आणि ते मिश्रण सांध्यात शिरलं की कानसच चालू होते. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. ती ९८.६ टक्क्यांपर्यंत भरली आणि तेल असण्या-नसण्याने तिथे फारसा फरक पडला नाही! अर्थात प्रयोगशाळेत धूळ नव्हती, पाऊस नव्हता. फटीत तेल भरलेलं असलं की घाणीला जागा उरत नाही, हाच तेलाचा मोठा उपयोग, असं त्यांचं अनुमान होतं. मला ते पटतं.

म्हणून आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन घासावी, फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. आत राहिलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब. केशाकर्षणाने तो फटीतून पिनीपर्यंत उतरतो. त्याला थोडा वेळ द्यावा आणि नंतर बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने निपटून काढावं. ही शेवटची पुसणीच बहुतेक जण टाळतात.

शिलाई मशीनचं तेल आत चटकन शिरतं, पण पावसात लवकर धुऊन जातं. कोकणात ते वरचेवर घालावं लागेल. ग्रीस आत पोचतच नाही. गॅरेजमधलं जळकं ऑइल तर नकोच, त्यात इंजिनातल्या झिजलेल्या धातूचे कण असतात.

झिजलेली चेन तशीच दामटली तर फ्रीव्हीलचे दातेही तिच्या मापाने झिजतात. मग नवी चेन त्यांवर बसत नाही, जोर दिला की घसरते आणि फ्रीव्हीलही बदलावं लागतं.