जहाजावरची नोकरी आणि परदेशातील वास्तव्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील अनेक कुटुंबांत मर्चंट नेव्हीतील, म्हणजेच व्यापारी जहाजांवरील, अधिकारपद ही परदेशी स्थायिक होण्याची पहिली पायरी मानली जाते. या व्यवसायाची प्रमाणपत्रे देणारे नौवहन महासंचालनालय मध्य रेल्वेच्या याच मार्गावर, कांजूरमार्गला आहे. परंतु त्या कागदांनी कोणता हक्क मिळतो आणि कोणता मिळत नाही, याविषयी काही समजुती चुकीच्या आहेत.

गैरसमज १ : परदेशी जहाजावर वर्षानुवर्षे नोकरी केली की त्या देशात राहण्याचा हक्क मिळतो.

वस्तुस्थिती : जहाज ज्या देशात नोंदलेले असते त्याचा ध्वज ते लावते आणि त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो, तरीही पनामा किंवा लायबेरियाच्या ध्वजाखालील सेवा ही त्या देशातील वास्तव्य ठरत नाही. बंदरात उतरण्याची परवानगीही कामापुरतीच असते. अमेरिकेत सी-१/डी व्हिसावर आलेल्या कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त २९ दिवस थांबता येते आणि जहाजाचा कर्मचारी म्हणून प्रवेश केलेल्या व्यक्तीला तेथेच राहून कायम रहिवासाचा दर्जा मिळवण्याचा मार्ग सामान्यतः बंद असतो.

गैरसमज २ : भारतीय सीओसी जगभर चालते.

वस्तुस्थिती : सीओसी म्हणजे अधिकाऱ्याच्या पात्रतेचे प्रमाणपत्र. ते ज्या १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू करारानुसार दिले जाते, त्या कराराने प्रशिक्षणाचे किमान दर्जे ठरवले, पण दुसऱ्या देशाच्या प्रमाणपत्राला मान्यता द्यायची की नाही, हा निर्णय प्रत्येक देशाकडेच ठेवला. ब्रिटिश जहाजांवर काम करण्यासाठी तेथील सागरी यंत्रणेकडून समतुल्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; अमेरिकी ध्वजाच्या जहाजांवर कॅप्टन, चीफ इंजिनिअर आणि पहाऱ्याची जबाबदारी असलेले अधिकारी अमेरिकी नागरिकच असावे लागतात. शिवाय अशी मान्यता हा कामाचा परवाना असतो, स्थलांतराचा व्हिसा नव्हे. ऑस्ट्रेलियात मात्र जहाजाचा कॅप्टन, अधिकारी आणि इंजिनिअर या व्यवसायांच्या कौशल्याची स्थलांतरासाठी तपासणी तेथील सागरी सुरक्षा प्राधिकरण करते, त्यामुळे तेथे सीओसी आणि समुद्रसेवेची नोंद अर्जाला उपयोगी पडते.

गैरसमज ३ : आयकरात अनिवासी ठरलेला अधिकारी परदेशचा रहिवासी झालेला असतो.

वस्तुस्थिती : आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ राहिलेला जहाज अधिकारी सर्वसाधारणपणे करासाठी अनिवासी ठरतो आणि हे दिवस मोजताना सीडीसीमधील, म्हणजे नाविकाच्या सेवापुस्तिकेतील, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखा महत्त्वाच्या असतात. ही केवळ कर आकारणीची वर्गवारी आहे. डोंबिवलीचा अधिकारी तिच्यामुळे दुसऱ्या कोणत्याही देशाचा रहिवासी होत नाही.

गैरसमज ४ : एकदा पीआर मिळाली की पूर्वीसारखे जहाजावर जाता येते.

वस्तुस्थिती : पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, टिकवण्यासाठी बहुतेक देश प्रत्यक्ष वास्तव्याची अट घालतात. कॅनडात दर ५ वर्षांत किमान ७३० दिवस देशात राहावे लागते आणि मोजके अपवाद सोडल्यास परदेशी जहाजावरचे दिवस त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे सहा-सहा महिन्यांचे करार करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक करारापूर्वी हा हिशोब तपासावा लागतो, अथवा सर्वेक्षक किंवा जहाज व्यवस्थापन कंपनीतील सुपरिंटेंडंट यांसारख्या किनाऱ्यावरील नोकरीकडे वळावे लागते.

गैरसमज ५ : एजंटला मोठी रक्कम दिली की जहाज आणि व्हिसा दोन्ही मिळतात.

वस्तुस्थिती : भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार भरतीसाठी नाविकाकडून शुल्क घेता येत नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तिका आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो, तर व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे भरती आणि नियुक्ती सेवेचा, परवाना असणे बंधनकारक आहे.

म्हणून स्थलांतराचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी आधी तपासाव्यात : संबंधित देश भारतीय सीओसी कोणत्या अटींवर मान्य करतो, वास्तव्याचे दिवस कसे मोजतो आणि भरती करणाऱ्याकडे परवाना आहे का. या तिन्हींची उत्तरे त्या त्या सरकारी यंत्रणेकडूनच घ्यावीत आणि ती हाती येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत.