तंबाखू सुटते, पण सोबत हवी

धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मनापासून पाळणारी कितीतरी घरे आपल्या वस्त्यांत आहेत. पण त्यांतल्याही काही घरांत विडीचे बंडल, चुन्याची डबी किंवा मशेरीची पुडी असते. “पाचवे शील दारूसाठी आहे, तंबाखूने कुठे झिंग येते?” असे म्हटले जाते. झिंग येत नाही हे खरे. पण जिच्यावाचून सकाळी पोट साफ होत नाही आणि वंदना चालू असताना जीव दाराबाहेर ओढ घेतो, त्या वस्तूने मनाचा ताबा घेतलेलाच असतो.

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर धूर न काढता खाणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के. स्त्रियांमध्ये साधारण सहा जणींत एक. म्हणून आम्ही इथे विडीबरोबर मशेरीचाही विचार करतो. रूप वेगळे असले तरी सवय लावणारे निकोटीन एकच.

विडीचा झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचते आणि बरे वाटते. साधारण दोन तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड होते, डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही. पुन्हा विडी ओढली की हा त्रास थांबतो आणि आपण म्हणतो, “विडीने डोके शांत होते.” खरे तर तो त्रास विडीनेच दिलेला असतो.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड जातात. दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच कमी होतो. प्रत्येक तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, चार पावले चालावे, दीर्घ श्वास घ्यावेत. आनापानसती शिकलेल्यांना हे अवघड नाही. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि पेरूसारखे फळ ठेवावे. काही दिवसांत सवय बसते.

सोडणारे पुष्कळ असतात, पण सुटलेले राहणे अवघड. पगाराचा दिवस, घरातले भांडण, मयतीची रात्र, हळदीचा कार्यक्रम, नाक्यावरचा चहा, अशा वेळी कोणीतरी “घे रे एक” म्हणतो. तेव्हा हात धरणारा माणूस जवळ लागतो.

आपल्या पुण्यातच याचे उदाहरण आहे. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे समुपदेशक होतात आणि नव्याने आलेल्यांना आधार देतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. ज्याने तोच त्रास भोगला आहे, त्याचे शब्द मनाला लवकर पटतात.

हेच आपल्याला विहारात करता येईल. बुद्धांनी कल्याणमित्राला किती मोठे स्थान दिले, हे आपण जाणतो. सोडू इच्छिणाऱ्या पाच-सहा जणांनी एक तारीख ठरवावी. प्रत्येकाला एक कल्याणमित्र असावा, शक्यतो तंबाखू सोडलेला. तलफ आली की आधी त्याला फोन करायचा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून आठवडा कसा गेला ते सांगायचे. महिला मंडळाने मशेरीसाठी दुपारची वेगळी बैठक घ्यावी. बायका चारचौघांत याबद्दल सहसा बोलत नाहीत.

कोणी घसरला तर त्याला हसू नये, “तुझ्याने होणार नाही” म्हणू नये. काय घडले, कुठे घडले, हे विचारावे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावे. बऱ्याच जणांची तंबाखू पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. घरच्यांनीही मुलांना विडी-तंबाखू आणायला पाठवू नये. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सवय फार जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगगम किंवा गोळ्या घेता येतात. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत लागतो. गरोदर बाईने मशेरी लगेच बंद करावी आणि दवाखान्यात तसे सांगावे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात, गरोदरपणी तंबाखू-मशेरी घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर लगेच तपासून घ्यावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते. विडी ओढणाऱ्याला क्षयाचा धोका जास्त असतो.

सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. रोजचे २० रुपये वाचले तरी वर्षाला ७,३०० रुपये होतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि क्लासच्या फीला तेवढा हातभार लागेल.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपण विहारात एकत्र येतोच. तंबाखूतून सुटायला आणि सुटलेले राहायची सवय लागायला हा काळ चांगला. पण त्यासाठी आषाढाची वाट पाहायलाच हवी असे नाही. येत्या रविवारी विहारात दोघांनी मिळून सुरुवात केली तरी गट तयार होतो.