सरहद्दीच्या अलीकडे चार मैल

लोहगावच्या धावपट्टीवरून उड्डाण केलेली सुखोई विमाने दिघी-भोसरीच्या आकाशातून गर्जत जातात, तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी पाळी बदलण्यासाठी उभा असलेला कामगार क्षणभर मान वर करतो आणि पुन्हा खिशातले ओळखपत्र चाचपू लागतो. कारण एकीकडे दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, दुसरीकडे देहूरोडची छावणी आणि मध्ये पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या यंत्रशाळा, अशा या मुलखात लष्कराचे नवल कुणाला उरलेले नाही. त्यामुळेच की काय, १० ऑगस्ट २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर पुण्यात निवर्तले, ही वार्ता इथे ज्या मानाने पोहोचावयास हवी होती त्या मानाने पोहोचली नाही, असे मला राहून राहून वाटते.

मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबाराने त्यांचे विमान जायबंदी झाले आणि खुद्द त्यांच्या उजव्या खांद्यास जखम झाली, तेव्हा विमान सोडून हवाई छत्रीने उतरण्याचा सल्ला त्यांच्या तुकडीनायकाने दिला होता. परंतु तो न मानता त्यांनी ते मोडके विमान तळावर परत आणले आणि त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. वरिष्ठांचा सल्ला डावलल्याबद्दल सरकारी दप्तरात पदकाची नोंद व्हावी, असा योग क्वचितच येत असेल.

१९७१ मध्ये ते २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ हे विमान चालवीत असत. हे विमान एका इंजिनाचे, दणकट आणि जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्याच्या कामी योजलेले. अशा कामात वैमानिकाला खाली, तोफांच्या टप्प्यात उतरावेच लागते. १० डिसेंबर रोजी जफरवालच्या परिसरात त्यांचे विमान पडले, छत्रीने ते उतरले आणि युद्धकैदी झाले.

युद्ध थोड्याच दिवसांत संपले, पण कैद संपेना. बांगलादेशात शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते, आणि २ जुलै १९७२ च्या सिमला करारानेही कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रश्न निकालात निघाला नव्हता; तेव्हा रावळपिंडीच्या छावणीत अडकलेल्या मूठभर भारतीय वैमानिकांनी आपल्या रवानगीच्या हुकुमाची वाट किती दिवस पाहावी, याला काही सुमार नव्हता. पारुळकरांनी वाट पाहिली नाही.

यापुढचा भाग खरे म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांनी सावकाश वाचावा असा आहे, कारण त्यात पराक्रमापेक्षा कारागिरी अधिक आहे. कोठडीच्या भिंतीच्या विटा किरकोळ हत्यारांनी, पहारेकऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत, रात्री-रात्री सैल करावयाच्या. निघालेली माती आणि रोडे खोक्यांत भरून खाटेखाली सारावयाचे. आणि बाहेरच्या अंगाचा गिलावा मात्र अखेरच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवावयाचा, म्हणजे रस्त्याकडून पाहणाऱ्यास काही उमगू नये. शिवणाच्या सुईला चुंबकत्व आणून एका सोबत्याने होकायंत्र सिद्ध केले. वेगवान वळणांत रक्त पायांकडे उतरू नये म्हणून वैमानिक जो फुगणारा पोशाख घालतात, त्यातील रबरी पिशव्या पाणी नेण्याच्या कामी आल्या. जिनिव्हा करारान्वये कैदी अधिकाऱ्यांना जो मासिक भत्ता मिळे, त्यातून वाटखर्चीचे पैसे साठले. भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या जुन्या फिटरला यातला एकही तपशील पोकळ वाटणार नाही. हाताशी जे आहे त्यातून जे हवे ते घडवायचे, हा त्याचाच धर्म.

१२ आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या मधल्या रात्री धुळीचे वादळ उठले. फ्लाइट लेफ्टनंट पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे त्या भोकातून बाहेर पडले आणि नुकताच चित्रपटाचा शेवटचा खेळ सुटून रस्त्यावर आलेल्या गर्दीत मिसळून गेले. तेथून बसने पेशावर, पुढे जमरूद आणि खैबर खिंडीतून लंडीकोतल, असा प्रवास करीत सकाळी ते अशा ठिकाणी येऊन ठेपले की जेथून अफगाणिस्तानची सरहद्द अवघी चार मैल उरली होती.

इथे त्यांनी लंडीखान्याचा रस्ता विचारला.

खैबरची रेल्वे १९२५ मध्ये लंडीकोतलपर्यंत आली आणि १९२६ मध्ये पुढे लंडीखान्यापर्यंत गेली खरी, पण हा शेवटचा तुकडा १९३२ च्या डिसेंबरातच बंद झाला होता. नकाशावर मात्र ते स्थानक शाबूत होते आणि या तिघांचा सारा भरवसा नकाशावर होता. चाळीस वर्षांपूर्वी मोडीत निघालेल्या स्थानकाची चौकशी करणारे परके लोक पाहून गावकऱ्यांना संशय आला. त्या सुमारास पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे निसटत असत, तेव्हा हेही तसलेच पळपुटे बंगाली असावेत असे वाटून तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना हटकले आणि प्रकरण तहसीलदारापुढे गेले. पुष्कळांनी या चौकशीला घोडचूक म्हटले आहे. मला ते पटत नाही: परक्या मुलखात, दिवसाउजेडी, वाटाड्यावाचून फिरणाऱ्या माणसाने रस्ता न विचारणे हेच अधिक संशयास्पद ठरले असते, चूक नकाशाची होती, आणि कैद्याला नकाशा निवडून मिळत नाही.

आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक आहोत, ही बतावणी फार काळ टिकणारी नव्हती. तेव्हा पारुळकरांनी एक विलक्षण मागणी केली. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे तत्कालीन एडीसी उस्मान हमीद हे पूर्वी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते. त्यांच्याशी मला फोनवर बोलू द्या, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. टोळ्यांच्या त्या मुलखात हेर ठरलेल्या माणसाचे काय होईल याची शाश्वती नव्हती, आणि आपण कैदी आहोत हे कुणी अधिकारवाणीने सांगितले तरच जीव वाचणार होता. ते हमीद यांनी सांगितले. शत्रूपक्षाच्या अधिकाऱ्याचा हा सज्जनपणा आपल्याकडच्या वृत्तांतांत ओझरता येतो, तो ठळकपणे यावयास हवा.

पलायनाचा फसलेला प्रयत्न हा जिनिव्हा कराराप्रमाणे गुन्हा नसून केवळ शिस्तभंग असतो आणि त्याची शिक्षा ३० दिवसांपलीकडे नेता येत नाही. एकांतवास भोगून हे तिघे पुढे लायलपूरच्या छावणीत गेले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांसह वाघ्याच्या फाटकातून रीतसर परतले.

फसलेल्या या पलायनाचे नेतृत्व केल्याबद्दल सरकारने त्यांना पुढे विशिष्ट सेवा पदक दिले. त्यांनी हवाई दल अकादमीत उड्डाणशिक्षक म्हणून, काही काळ सिंगापुरात आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून काम केले. फेथ जॉन्स्टन या लेखिकेने ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ हे पुस्तक लिहिले, २०१९ मध्ये चित्रपटही निघाला. पण या साऱ्यास जवळजवळ निम्म्या शतकाचा अवधी लागला, आणि दरम्यान हा माणूस पुण्यात एक सेवानिवृत्त अधिकारी म्हणून राहत होता. माझी एक सूचना आहे: मोरवाडीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दरवर्षी १३ ऑगस्टला भाषण ठेवू नये, त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या हाती शिवणाची एक सुई आणि चुंबकाचा तुकडा द्यावा, आणि उत्तर दिशा शोधून दाखवावयास सांगावे.