रक्तवाहिनीचं अस्तर

देवनहळ्ळीहून बोलतोय. मध्येच विमानाची घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या, विमानतळ आमच्या गच्चीवरून दिसतो. ई-पुस्तक वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

मागच्या भागात कोलेस्टेरॉलवर बोललो, तेव्हा पुष्कळ जणांनी एकच गोष्ट विचारली. नळात गाळ साचतो तशीच रक्तवाहिनी तुंबते ना? मग गाळ काढला की झालं! मीही साठी उलटेपर्यंत असंच समजत होतो. मी डॉक्टर नाही. बीएस्सी करून फौजेत गेलो, निवृत्तीनंतर मुलीजवळ इथे येऊन राहिलो. पण नळाची ही उपमा कुठे फसते ते मी ऐन तरुणपणी लडाखमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा कळलं नाही, एवढंच.

साल १९८६. आमची कंपनी साडेचौदा हजार फुटांवर होती. साताऱ्याकडचा एक जवान, पलटणीत धावण्यात पहिला येणारा, दोन महिन्यांची रजा संपवून परत आला. फौजेचा नियम असा, की उंचीवर जाणाऱ्याने टप्प्याटप्प्याने जायचं. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, त्याच्याही वर जायचं तर आणखी चार. लांब रजेवरून आलेल्यालाही हे सगळं पहिल्यापासून. मागचे अकरा महिने वर काढलेत म्हणून सूट नाही.

हा आल्याच्या तिसऱ्या दिवशी वर सामान नेणाऱ्या तुकडीत एक माणूस कमी पडत होता. तो म्हणाला, "साहेब, अकरा महिने हितंच काढल्यात मी. मला काय हुतंय?" मी म्हटलं, "जा." तो हुकूम माझा होता, दुसऱ्या कोणाचा नाही.

रात्री खोकला सुरू झाला. पहाटेपर्यंत ओठ निळे, छातीत गुडगुड, थुंकीत गुलाबी फेस. ऑक्सिजन लावून त्याला स्ट्रेचरवर खाली आणला. वाचला. आमचा तरुण डॉक्टर मला म्हणाला, "सर, हार्ट एकदम ठीक आहे. फुप्फुसातल्या नळ्या पाझरल्यात." सव्वीस वर्षांचा गडी, कुठे ब्लॉकेज नाही, गाळ नाही, आणि तरी स्वतःच्याच रक्तातल्या पाण्यात बुडत होता. ते वाक्य माझ्या डोक्यात पुढे तीस वर्षं राहिलं.

या आजाराला फौजेत 'हापो' म्हणतात. फुप्फुसात पाणी भरणं. १९६२ च्या युद्धात सपाटीवरची माणसं थेट उंचीवर नेली गेली आणि त्याची किंमत मोजावी लागली. त्यानंतर आपल्याच फौजेतल्या डॉक्टरांनी या दुखण्यांचा कसून अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा ते अठरा हजार फुटांवरच्या १९२५ सैनिकांची निरीक्षणं १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापली. विरळ हवेच्या आजारावर जगभर तो निबंध अजून काढून वाचतात. आपल्याकडे मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मूळ मुद्दा. कोटाला आतून अस्तर असतं तसं प्रत्येक रक्तवाहिनीला असतं. इंग्रजी नाव एंडोथेलियम. जाडी फक्त एका पेशीची. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत सलग पसरलेलं. फार वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं, की हे नुसतं गुळगुळीत आवरण आहे, रक्त चिकटू नये म्हणून.

हा समज मोडला तो न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला, सशाच्या धमनीवर. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ धमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधं टाकून बघत. ॲसिटिलकोलीन टाकलं की पट्टी आकसायची. पण जिवंत प्राण्यात त्याच औषधाने वाहिन्या सैल पडतात. हा घोळ वर्षानुवर्षं सुटेना. पुढे त्यांनी पट्टीऐवजी धमनीच्या चकत्या वापरल्या, तर त्या सैल पडू लागल्या. फरक कशाचा? पट्टी तयार करताना तिची आतली बाजू घासली जाऊन अस्तर निघून जात होतं, चकतीत ते शाबूत राहत होतं. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. अस्तर खरवडलेली पट्टी आणि अस्तर असलेली पट्टी सँडविचसारखी समोरासमोर ठेवली, तर खरवडलेलीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडून शेजारच्या स्नायूला निरोप देत होतं. हे त्यांनी १९८० साली छापलं. निरोप्या कोण हे ठरायला आणखी सात वर्षं गेली. तो निघाला नायट्रिक ऑक्साइड, काही सेकंदच टिकणारा एक वायू! १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

यात आम्हा फौजी लोकांना मजा वाटावी असा एक धागा आहे. आल्फ्रेड नोबेलने ज्या नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवलं, तेच त्याच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी त्याला हृदयासाठी औषध म्हणून सुचवलं होतं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी याच घराण्यातली. ती काम का करते हे मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवलं. शरीरात गेल्यावर तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं.

तर अस्तर करतं काय? रक्त वाहताना त्याचं घर्षण अस्तराला जाणवतं. प्रवाह वाढला की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंदावते. रक्त आत गोठू देत नाही, पण जखम झाली की गोठायला मदत करतं. कोणत्या पांढऱ्या पेशीला थांबवायचं, किती पाणी बाहेर पाझरू द्यायचं, हेही तिथंच ठरतं. नाक्यावरच्या संत्र्यासारखं, प्रत्येकाला हटकून, बघून सोडायचं.

आता माझ्या जवानाकडे या. हवेत ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या वाहिन्या आकसतात. बाकीच्या शरीरात याच्या उलट होतं. ज्यांचं अस्तर अशा वेळी पुरेसं नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, त्यांच्यात हे आकसणं फार आणि असमान होतं. जिथे वाहिन्या उघड्या राहतात तिथे दाब भयंकर वाढतो, नाजूक अस्तराला चिरा पडतात आणि पाणी, मागोमाग रक्त, हवेच्या पिशव्यांत उतरतं. १९९६ मध्ये स्विस डॉक्टरांनी हापो होणाऱ्या गिर्यारोहकांना नायट्रिक ऑक्साइड हुंगायला दिलं, तर दाब उतरला आणि रक्तातला ऑक्सिजन वाढला. उलट पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहणाऱ्या तिबेटी लोकांच्या रक्तात या वायूपासून बनणारे पदार्थ सपाटीवरच्यांच्या दहापटीहून जास्त सापडले. सहा दिवस, चार दिवस, चार दिवस हा नियम शरीराला सावरायला वेळ देण्यासाठी असतो. धावण्यातल्या पहिल्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही.

आणि ब्लॉकेज? ते नळातल्या गाळासारखं आतल्या पृष्ठभागावर बसतच नाही. अस्तराच्या खाली, भिंतीत तयार होतं. वाहिनीला जिथे फाटे फुटतात तिथे प्रवाह गिरक्या घेतो, अस्तर कमजोर पडतं. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखूचा धूर यांनी ते आणखी खचतं, चिकट होतं. कोलेस्टेरॉल आत शिरतं, मागून पांढऱ्या पेशी. बरेच हार्ट ॲटॅक वाहिनी हळूहळू पूर्ण बुजल्याने येत नाहीत, भिंतीतला तो फोड फुटून त्यावर रक्त गोठल्याने येतात. आदल्या आठवड्यापर्यंत काहीच त्रास नसलेला माणूस अचानक जातो तो असा.

आपल्या लोकांनी आणखी एका गोष्टीकडे बघावं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला एक फोटो आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. पोटातली अशी लपलेली चरबी गप्प बसत नाही, अस्तराला सूज आणणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. "मी कुठे जाडा आहे?" हे वाक्य मीही म्हणायचो.

म्हणायचो, कारण एकसष्टाव्या वर्षी इथल्या किल्ल्याच्या पायऱ्या चढताना छाती आवळली. अँजिओग्राफी झाली. स्टेंट लागला नाही, गोळ्या लागल्या. फौजेत दिवसाला डझनभर सिगारेटी ओढत होतो. १९९२ साली लंडनच्या डॉक्टरांनी हातावर पट्टा काही मिनिटं आवळून, मग सोडून, सोनोग्राफीने धमनी किती रुंदावते ते मोजलं. सिगारेट ओढणाऱ्यांची धमनी कमी रुंदावली. दुखणं सुरू व्हायच्या किती आधी अस्तर तक्रार करत असतं बघा. दिलासा एवढाच, की सिगारेट सोडली, रोज चालायला लागलं, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवली, तर ते पुष्कळसं सावरतं. मी रोज पाऊण तास चालतो. पायांकडे रक्त जोरात वाहतं, तोच अस्तराचा व्यायाम.

एक सूचना, संकोच बाजूला ठेवून. पुरुषांसाठीची ती निळी गोळी याच वायूचा परिणाम लांबवते. जिभेखालच्या गोळीसोबत ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांपासून ती लपवू नका. आणि तिची गरज नव्यानेच भासू लागली असेल तर हृदयही तपासून घ्या. बारीक वाहिन्यांचं अस्तर आधी बोलतं.

माझा तो जवान आता गावी शेती बघतो. दिवाळीला फोन करतो. यंदा म्हणाला, "साहेब, शुगर निघालीया. बिटाचा रस प्यावा का? मोबाइलवर दाखवत्यात." बिटातल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तदाब थोडा उतरतो, हे खरं आहे. पण शुगरवाल्याने रस कशाला, कोशिंबीर खा म्हटलं. मग विचारलं, "तंबाखू सोडलास का?"

"कवाच, साहेब." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "सकाळची मशेरी तेवढी ऱ्हायलीय."

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पुढच्या भागात तिच्यावर बोलू.