पेन ड्राइव्हमधील विदा पुनर्प्राप्ती

पेन ड्राइव्हमधील विदा पुनर्प्राप्ती म्हणजे बिघडलेल्या, भिजलेल्या, चुकून पुसल्या गेलेल्या किंवा संगणकाला ओळखू येईनाशा झालेल्या यूएसबी फ्लॅश ड्राइव्हवरील फाइली परत मिळवण्याची प्रक्रिया होय. विदा हा शब्द येथे डेटा या अर्थी योजला आहे. छापखान्याला द्यावयाचा मजकूर, विद्यापीठात सादर करावयाचा प्रबंध, लग्नसमारंभाचे चित्रीकरण, संस्थेचे हिशेब अशा नाना गोष्टींची ने-आण या उपकरणावरून होते आणि ने-आणीसाठी केलेली प्रतच पुष्कळदा एकमेव प्रत होऊन बसते. पुनर्प्राप्ती साधेल की नाही, हे बहुतेक वेळा बिघाड लक्षात आल्यानंतर मालकाने पहिल्या काही मिनिटांत काय केले यावर अवलंबून असते.

रचना

पेन ड्राइव्हच्या आवरणात एक लहान मुद्रित पट्टी असते. तिच्यावर यूएसबीची जोडणी, नियंत्रक चिप आणि स्मृतीची चिप हे तीन मुख्य भाग असतात. स्मृतीची चिप नँड फ्लॅश या प्रकारची असते. फ्लॅश स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला आणि नँड प्रकार १९८७ साली मांडला गेला. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक टेक्नॉलॉजीचा ‘थंबड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला, आयबीएमने विकलेला ‘डिस्कऑनकी’ हे आरंभीचे नमुने. डिस्कऑनकीची क्षमता ८ मेगाबाइट होती.

नँड चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म कोशांत साठवलेली असते. हा भार विद्युतपुरवठ्यावाचून टिकतो, पण कायमचा नव्हे. प्रत्येक वेळी लिहिताना व पुसताना कोशाचे विद्युतरोधक आवरण थोडे झिजते आणि झिजलेल्या कोशातून भार लवकर गळतो. उष्णतेने ही गळती वाढते. एका कोशात एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा सुमारे एक लाख वेळा पुसता येत असत. तीन बिट ठेवणाऱ्या स्वस्त चिपांची मर्यादा हजाराच्या आसपास असते. म्हणूनच वर्षानुवर्षे कपाटात पडलेला ड्राइव्ह ‘वापरलाच नाही’ या कारणाने सुरक्षित ठरत नाही.

झीज सर्वत्र समान व्हावी म्हणून नियंत्रक चिप लिखाण निरनिराळ्या ठिकाणी पसरवते आणि कोणता भाग कोठे ठेवला याची नोंद स्वतःजवळ ठेवते. ही नोंद विस्कटली की स्मृतीची चिप धडधाकट असूनही ड्राइव्ह शून्य बाइटचा दिसतो. ग्रंथालयातील पुस्तके जागेवर आहेत पण दाखलनोंदवही जळाली, असा हा प्रकार आहे.

बिघाडाचे प्रकार

वापरकर्त्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न एकच: संगणकाला ड्राइव्ह दिसतो का, आणि दिसत असल्यास त्याची क्षमता बरोबर दाखवली जाते का? क्षमता बरोबर दिसत असेल तर दोष बहुधा फाइल व्यवस्थेत, म्हणजे फाइलींच्या अनुक्रमणिकेत असतो आणि घरच्या घरी प्रयत्न करण्यास वाव असतो. क्षमता शून्य किंवा भलतीच दिसत असेल, अथवा ड्राइव्हच्या नावाऐवजी नियंत्रक चिपचे नाव झळकत असेल, तर दोष नियंत्रकात आहे. तेथे कोणतीही आज्ञावली उपयोगी पडत नाही. काहीच दिसत नसेल तर जोडणी तुटलेली असू शकते. संगणकाच्या पुढे खोचलेल्या ड्राइव्हला गुडघ्याचा धक्का लागून टाका निखळणे हे नित्याचेच आहे. असा टाका कुशल कारागीर पुन्हा डाख देऊन जोडू शकतो. ड्राइव्ह हलवून, दाबून धरून चालवू पाहिल्यास मात्र तांब्याची वाटच उखडण्याची भीती असते.

सावकाश चालणे, मध्येच संपर्क तुटणे, काही फाइली उघडण्यास नकार देणे ही झिजलेल्या स्मृतीची लक्षणे होत. काही ड्राइव्ह अखेरच्या टप्प्यात स्वतःस केवळ वाचनापुरते मर्यादित करून घेतात. त्यावर नवे काही लिहिता येत नाही म्हणून लोक चिडतात. वस्तुतः ही शेवटची संधी असते आणि त्याच क्षणी सर्व फाइली उतरवून घ्याव्यात.

भारतात आणखी एक प्रकार फार आढळतो. शाळेच्या संगणक कक्षातून किंवा सायबर कॅफेतून आणलेल्या ड्राइव्हवर सर्व फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. हा एका विषाणूप्रकाराचा खेळ असतो. त्या शॉर्टकटवर टिचकी मारली की विषाणू चालू होतो. मूळ फाइली सहसा नष्ट झालेल्या नसतात, त्यांना फक्त ‘लपलेली’ आणि ‘प्रणालीची’ अशा खुणा केलेल्या असतात. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडूनही त्या दिसत नाहीत, कारण प्रणालीच्या संरक्षित फाइली दाखवण्याचा पर्याय वेगळा असतो आणि तोही निवडावा लागतो.

प्रथम काय करू नये

ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये, हा एकच नियम बाकी सर्व सूचनांच्या मुळाशी आहे. फाइल पुसली म्हणजे तिचा मजकूर तत्काळ नाहीसा होत नाही. फॅट व्यवस्थेत केवळ तिच्या नोंदीवर पुसल्याची खूण होते आणि तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तेथेच असतो. विंडोज मात्र ड्राइव्ह जोडताच स्वतःच्या काही लहान फाइली त्यावर निर्माण करू शकते. त्यामुळे पुनःपुन्हा जोडून पाहणे निरुपद्रवी नाही.

ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करण्याची सूचना पडद्यावर आली तर ती नाकारावी. नजरचुकीने जलद फॉरमॅट झाले असेल तरी आशा संपत नाही, कारण त्यात अनुक्रमणिकाच नवी होते. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ते संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिते. विंडोजची चेकडिस्क ही दुरुस्तीची आज्ञाही येथे टाळावी. तिचा हेतू फाइल व्यवस्था सुसंगत करणे हा असतो, आपला मजकूर वाचवणे हा नव्हे. तुटलेल्या साखळ्या ती निनावी तुकड्यांत टाकून मोकळी होते.

प्रतिमा आणि शोध

योग्य रीत अशी, की ड्राइव्हची बिटागणिक प्रत, म्हणजे प्रतिमा, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व खटाटोप त्या प्रतिमेवर करावा. ३२ गिगाबाइटच्या ड्राइव्हला तेवढीच मोकळी जागा लागते, मग त्यावर चारच फाइली का असेनात. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली या कामी विशेष उपयुक्त आहे. ती सहज वाचता येणारे भाग आधी उतरवते, अडणारे भाग ओलांडून पुढे जाते आणि नंतर त्यांच्याकडे वळते. काय वाचले व काय राहिले याची नोंद ती ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे नेता येते. मरणासन्न ड्राइव्हला मोजकीच वाचने शिल्लक असू शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्रमाचे महत्त्व पटते.

प्रतिमा हाती आल्यावर शोधाचे दोन मार्ग असतात. अनुक्रमणिकेचे अवशेष शिल्लक असतील तर टेस्टडिस्कसारखी आज्ञावली फाइली त्यांच्या नावांसह आणि फोल्डरांसह परत देऊ शकते. अनुक्रमणिका पुरती गेली असेल तर फोटोरेकसारखी आज्ञावली थेट मजकुरातील खुणा शोधते; उदाहरणार्थ, प्रत्येक जेपीईजी छायाचित्राचा आरंभ ठरावीक बाइटांनी होतो. या मार्गाने फाइल मिळते, नाव मिळत नाही. शेकडो फाइली निव्वळ क्रमांकांखाली पुढ्यात येतात आणि एकेक उघडून पाहावी लागते. फाइल तुकड्यातुकड्यांत साठवली गेली असेल तर तीही अर्धवट निघते. या दोन्ही आज्ञावल्या विनामूल्य आहेत.

महापुरात भिजलेले ड्राइव्ह

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे ३९ फुटांना इशारा पातळी व ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५० फुटांच्या वर गेले. शाहूपुरीसारखी वस्ती आणि चिखली, आंबेवाडी ही गावे पाण्याखाली गेली. अशा पुरात कागदाबरोबर संगणक आणि ड्राइव्हही भिजतात. कागदापेक्षा ड्राइव्हची स्थिती आश्वासक असते, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. नँड चिप टणक आवरणात बंद असल्याने नुसत्या पाण्याने तिच्यातील भार जात नाही. हानी होते ती ओल असताना वीज दिल्याने आणि गाळातील क्षारांनी धातूला गंज चढल्याने.

म्हणून ‘चालतो का पाहू’ या उतावळेपणाने भिजलेला ड्राइव्ह संगणकाला लावू नये. आवरण अलगद काढून पट्टीवरचा गाळ शुद्ध, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि सावलीत एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा लोकप्रिय उपाय गाळ व क्षार काढत नाही, उलट पिठाची भुकटी जोडणीत शिरते. वाळल्यावर ड्राइव्ह चालला तर पहिल्याच जोडणीत त्याची प्रतिमा घ्यावी. गंज पुढेही चढत राहतो.

मराठी मजकुराची विशेष अडचण

परत मिळालेली मराठी फाइल उघडली असता रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते आणि ‘फाइल खराबच निघाली’ असे समजून ती टाकून दिली जाते. हे नुकसान ड्राइव्हने केलेले नसते. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमबरोबरचे फॉन्ट अशा जुन्या पद्धतींत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरीची वळणे बसवलेली असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर शुद्ध मजकूरही अगम्य दिसतो. मूळ फॉन्ट बसवला, किंवा त्या फॉन्टसाठीचे युनिकोड रूपांतरक वापरले, की मजकूर वाचता येतो. छपाईचे काम दीर्घकाळ याच फॉन्टांत झाल्यामुळे दिवाळी अंक, स्मरणिका आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके यांच्या मूळ फाइलींना ही अडचण हटकून येते. खिचडीतही शब्दांमधील जागा आणि परिच्छेद नीट दिसत असतील तर फाइल शाबूत असण्याचा संभव मोठा.

प्रयोगशाळा आणि मर्यादा

नियंत्रक निकामी झाल्यास व्यावसायिक प्रयोगशाळेत स्मृतीची चिप पट्टीवरून उतरवून स्वतंत्रपणे वाचतात आणि नियंत्रकाने पसरवलेले तुकडे जुळवतात. काम खर्चिक व वेळखाऊ असते आणि चिपच फुटली असेल तर निष्फळ ठरते. त्याआधी इतर प्रती धुंडाळणे शहाणपणाचे: छापखान्याच्या संगणकावर, पाठवलेल्या ईमेलमध्ये, व्हॉट्सॲपच्या संभाषणात पुष्कळदा तीच फाइल असते. मान्य झालेला पीएच.डी.चा प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारातही सापडू शकतो.

एका बाबतीत मात्र कोणताही उपाय नाही. बनावट ड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असते. आत ८ गिगाबाइटची चिप असूनही नियंत्रक ६४ सांगतो. खऱ्या मर्यादेपलीकडे पाठवलेल्या फाइलींची नावे यादीत दिसतात, पण त्यांचा मजकूर कधी साठवला गेलेलाच नसतो. नवा ड्राइव्ह घेतल्यावर तो एकदा काठोकाठ भरून, सर्व फाइली परत उघडून पाहिल्या तर ही फसवणूक उघडकीस येते. या तपासणीसाठी एफ३ ही विनामूल्य आज्ञावलीही आहे.