साष्टींतील फिरंगी पातीं : ओळख व कालनिर्णय

साष्टी म्हणजेच आजचें मुंबईचें उपनगर. अंधेरी, वेसावें, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं जुनीं गांवें इमारतींच्या दाटींत आतां ओळखूं येत नाहींत. तथापि तेथील कांहीं घराण्यांत दसऱ्यास पूजिली जाणारी एखादी सरळ, लांब पात्याची तरवार अद्याप आढळते. अशा पात्यावर रोमन अक्षरें किंवा एखादें अपरिचित चिन्ह दिसलें, कीं ती तरवार चिमाजी अप्पांच्या स्वारींत वसईस हातीं लागली असें ठरवून टाकण्याचा प्रघात पडला आहे. तो कितपत सप्रमाण आहे हें पाहण्यास निमित्त झालें तें अंधेरीजवळच्या एका घरांतील तरवारीचें.

घरमालकांनीं ती तरवार पुढें ठेविली व म्हणाले, "मास्तर, ही वस्तुसंग्रहालयास द्यावयाची आहे. सोबत चार ओळी लिहून द्या." चार ओळींत काय लिहावें हें ठरविण्यास तीन बैठकी लागल्या. पातें सरळ असून मुठीबाहेर पस्तीस इंच लांब. दोन्ही अंगांवर तीन तीन उथळ पन्हळी. मूठ खांड्याची, बोटांवर रुंद पत्रा असलेली. पात्यावर पितळेनें भरलेली एका धांवत्या जनावराची आकृति व तिच्यापुढें युरोपीय वळणाचे १४१४ हे अंक. मालकांच्या वडिलांनीं हा अंक शके समजून तरवार इ. स. १४९२ ची ठरविली होती. म्हणजे वास्को द गामा कालिकतास येण्याच्याहि सहा वर्षें आधींची! वसईची परंपरा व हा शक यांचा मेळ कसा बसावयाचा, हा प्रश्न मात्र कोणीं विचारिला नव्हता.

प्रथम ‘फिरंग’ या शब्दाचाच विचार करूं. आपल्याकडे युरोपीय पात्याच्या, सरळ जातीच्या तरवारीस फिरंग म्हणत. २०२५ सालीं लंडन येथील लिलावांतून महाराष्ट्र शासनानें जी रघूजी भोसल्यांची तरवार मिळविली, तिजवरील सोन्याच्या नागरी लेखांत रघूजींचें नांव व सेनासाहेब सुभा हा किताब यांच्यासह ‘फिरंग’ हा शब्दहि आहे. पातें युरोपीय, मूठ देशी व नांव धन्याचें. आणि त्या धन्यास शस्त्राचें परदेशीय मूळ लपवावेंसें वाटलें नाहीं, उलट तें कोरून ठेवावेंसें वाटलें. पोर्तुगीजांस वसई व साष्टी १५३४ च्या तहानें मिळाली. त्यांच्या व पुढें इंग्रजांच्या गलबतांतून विक्रीचीं पातीं पश्चिम किनाऱ्यावर येत व येथील कारागीर त्यांस आपल्या रीतीची मूठ बसवीत. दांडपट्ट्यासहि अशींच लांब व लवचिक पातीं पसंत केलीं जात. तेव्हां परदेशीय पातें म्हणजे लुटीचें पातें, हें अनुमान पायाशींच डळमळीत आहे.

दुसरी गोष्ट कालनिर्णयाची. हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक अनुभव नित्याचा आहे. लेखक पोथीची नक्कल करितांना मूळ प्रतीची पुष्पिकाहि तशीच उतरवितो. मग कागद एका शतकाचा, शक दुसऱ्या शतकाचा व बासन तिसऱ्याचें, असा प्रकार होतो. तरवारीचेंहि तसेंच आहे. पातें, मूठ व लेख हीं तीन स्वतंत्र साधनें होत. तिन्हींचा काळ वेगवेगळा काढावा. तरवार आज ज्या रूपांत समोर आहे त्या रूपाचा काळ, तिन्हींत जें सर्वांत अलीकडचें त्याच्या आधींचा असूं शकत नाहीं. हा एक नियम पाळला तरी निम्मे घोटाळे टळतील.

पात्याची परीक्षा पोलादापासून आरंभावी. आपल्या देशांत मुशींत वितळवून केलेल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखे जौहर उमटतात. स्पष्ट जौहर असलेलें पातें, त्याजवर रोमन अक्षरें असलीं तरी, युरोपीय समजूं नये. उलट जौहर दिसत नाहीं एवढ्यावरून पातें परदेशीय ठरत नाहीं; कारण साध्या पोलादाचीं पातीं येथेंहि विपुल होत, आणि घासून घासून जौहर नाहींसेहि होतात. मग पन्हळी पाहाव्या. चांगल्या युरोपीय कारखान्यांतील पन्हळी सरळ, समांतर व एकसारख्या खोलीच्या असतात. नकलेंत त्या वांकतात किंवा मध्येंच उथळ होतात.

यानंतर चिन्हें. धांवता लांडगा हें मूळचें डान्यूबकांठच्या पासाउ येथील कारागिरांचें चिन्ह. पुढें तें ऱ्हाइनजवळच्या सोलिंगेनच्या कारागिरांनीं उचललें व पिढ्यान् पिढ्या वापरलें. छिन्नीच्या चार रेघांत तो काढीत व वर पितळ भरीत. त्यामुळें तो लांडगा कीं कुत्रा हें सांगणें पुष्कळदां कठीण पडतें. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटलींतील बेल्लुनो येथें काम करणारा नामांकित कारागीर. परंतु त्याचें नांव असलेलीं बहुसंख्य पातीं त्याच्या पश्चात् सतराव्या व अठराव्या शतकांत सोलिंगेन येथें झालेलीं आहेत. जिनोव्याच्या पात्यांवरील समोरासमोरच्या दोन दंतुर चंद्रकोरींची तर सोलिंगेन, काकेशस व हिंदुस्थान अशी सर्वत्र नक्कल झाली. सारांश, चिन्ह हें कर्त्याची सही नव्हे. तो बाजारांतील लौकिकाचा शिक्का होय.

याचें कारण समजण्यासारखें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत पन्नास अंगुळांचें खड्ग उत्तम व पंचवीस अंगुळांचें कनिष्ठ मानिलें असून, पात्यावरील व्रणांवरून शुभाशुभ सांगितलें आहे. शस्त्रावरील खूण म्हणजे त्याचें लक्षण, ही दृष्टि आपल्याकडे जुनी. तिला अनुसरून ग्राहक युरोपीय खूण हेंहि उत्तम पोलादाचें लक्षण मानूं लागला आणि कारागीर ती खूण मागणीप्रमाणें पुरवूं लागला. अक्षरें न जाणणाऱ्यानें केलेली नक्कल ओळखूं येते. अक्षर उलटें पडतें, शब्दांतील एखादें गळतें, आणि शेवटीं नुसत्या रेघा व ठिपके उरतात. लिपि न जाणणाऱ्या लेखकानें उतरलेल्या पोथींत हेंच घडतें.

अंकांविषयीं तर विशेष सावधगिरी पाहिजे. १४१४ हा अंक सतराव्या व अठराव्या शतकांतील युरोपीय पात्यांवर वारंवार आढळतो. तो वर्षाचा अंक नसून मंगल किंवा तोडग्याचा अंक असावा, असें त्या विषयाचे जाणते मानतात. म्हणून तो शके म्हणून वाचूं नये आणि इसवी सन म्हणूनहि वाचूं नये.

आतां मूठ. युरोपीय रीतींत पात्याचें शेपूट मुठींतून आरपार जाऊन टोंकास ठोकून बसविलेलें असतें. आपल्या रीतींत शेपूट आंखूड असून राळेसारख्या चिकट द्रव्यानें मुठींत पक्कें केलेलें असतें; खांड्याच्या मुठीच्या पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरून रिव्हेटांनीं जखडलेल्या असतात. या पट्ट्यांखालीं कारागिराची खूण झांकली जाण्याचा संभव असतो. यास्तव वर कांहीं दिसत नाहीं म्हणून खूण नाहींच असें म्हणूं नये, आणि ती पाहण्याच्या हौसेनें पट्ट्या उचकटूंहि नयेत. मूठ बदलणें ही तर नित्याची गोष्ट होती. नागरी लेख असल्यास त्याचें वळण, किताब व नांव यांवरून लेखाचा काळ निघतो. पण तो लेखाचा, पात्याचा नव्हे. रघूजी १७५५ त वारले. त्यांच्या नांवाचा लेख पात्याच्या जन्माविषयीं एवढेंच सांगतो, कीं लेख कोरला त्या वेळीं पातें अस्तित्वांत होतें.

साष्टींत आणखी एक थर आढळतो. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. त्यामुळें इंग्रजी घोडदळाचीं वांकडीं पातींहि देशी मुठींत बसविलेलीं मिळतात. १७९६ च्या नमुन्याच्या पात्यांच्या पाठीवर पुष्कळदां कारखानदाराचें नांव असतें. विल्किन्सन कंपनीनें अधिकाऱ्यांच्या तरवारींवर सुमारें १८५४ पासून अनुक्रमांक घातले, व त्यांवरून वर्ष निघूं शकतें. पात्यावर इंग्रजींत जर्मनी असें देशाचें नांव असेल, तर तें बहुधा १८८७ च्या इंग्लंडांतील व्यापारचिन्हांच्या कायद्यानंतरचें समजावें. अशा पात्यांस वसईच्या वेढ्यांत नेऊन बसविणें हा केवळ अविचार होय.

या कसोट्या अंधेरीच्या तरवारीस लाविल्या. जौहर नाहीं, पन्हळी निर्दोष, लांडगा पितळेचा व सफाईचा, अंक सुबक. पातें युरोपीय, बहुधा सोलिंगेनचें, व सतराव्या शतकाचें धरण्यास हरकत नाहीं. मूठ दख्खनी घडणीची असून अठराव्या शतकांतील दिसते. लेख नाहीं. तेव्हां ही तरवार १७३९ सालीं कोणा मराठ्याच्या हातांत असणें सर्वथा शक्य आहे. परंतु ती वसईस मिळाली हें तिजवरून सिद्ध होत नाहीं. उलट एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. त्या वर्षीं मे महिन्यांत वसई पडली ती तहानें, आणि त्या तहान्वयें पोर्तुगीज शिबंदीस हत्यारांसह मानानें बाहेर पडूं दिलें होतें. १७३७ पासून साष्टींतील ठाणीं घेतांना हत्यारें हातीं आलीं नसतील असें नाहीं; पण पडल्या किल्ल्यांतील तरवारी वेंचून आणल्याचें जें चित्र आपण रंगवितों, तें वसईपुरतें तरी जुळत नाहीं.

"मग आमच्या आजोबांनीं सांगितलें तें खोटें काय?" असें मालकांनीं विचारिलें. त्यांच्या स्वरांत राग नव्हता, पण दुःख होतें. मीं म्हटलें, खोटें नव्हे. ती परंपरा आहे, आणि परंपरा हें चवथें साधन. तें नोंदावें, पण इतर तिहींच्या तोंडीं घालूं नये. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेचा दाखला त्यांस दिला. तिजवर १७२१ हें वर्ष आहे. देऊळ १७४७ चें. घंटेवरचें वर्ष ओतण्याचें, टांगण्याचें नव्हे. तरीहि वसईच्या विजयाची तिची कथा शंभर वर्षांनंतर आलेल्यासहि ऐकावीशी वाटते. शेवटीं चार ओळी पुढीलप्रमाणें ठरल्या : "फिरंग. पातें युरोपीय, बहुधा सतरावें शतक. मूठ दख्खनी, अठरावें शतक. वसईच्या मोहिमेंत मिळाल्याची घराण्यांत परंपरा." त्यांनीं त्या दोनदां वाचल्या व शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मान डोलाविली.

जातां जातां एक विनंती. दुसऱ्या एका घरीं अशीच तरवार पाहण्यास गेलों असतां, पाहुण्यांस दाखवावयाची म्हणून ती आदल्या दिवशीं लिंबू व वाळूच्या कागदानें घासून लखलखीत केलेली आढळली. पितळेचे दोन कण एका रेघेंत उरले होते. तेथें लांडगा होता कीं चंद्रकोर, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. पोथीवरील अक्षरें पुसटलीं म्हणून कोणी पान धूत नाहीं. गंज बसतो आहे असें दिसल्यास मऊ फडक्यानें किंचित् तेल लावावें, मापें घ्यावींत, दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावींत, घरांतील वृद्ध काय सांगतात तें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावें, आणि मग तज्ज्ञास बोलवावें. घासण्याचें काम शेवटीं असूं द्यावें. तें बहुधा करावेंच लागत नाहीं.