परसातली चिंच आणि क्रेन

पाण्याची ओढ असलेल्या आणे पठारावर चिंच मोठी व्हायला पिढ्या जातात. ती घराला खेटून वाढली, तर आडवी पाडायला जागा नसते. मग क्रेन लागते. ओल्या लाकडात पाणी भरपूर. दोन फूट जाड, दहा फूट लांब ओंडका जवळजवळ टनभर भरतो! म्हणून फांदी आधी पट्ट्याने क्रेनला बांधतात, मगच कापतात. खरी मेख अंतराची: तोच ओंडका क्रेनपासून दुप्पट दूर असेल, तर क्रेन कलंडवणारा जोरही दुप्पट. त्यामुळे क्रेन शक्य तितकी जवळ, घट्ट जमिनीवर उभी करावी. आणि चिंच, आंबा, जांभूळ १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या परसातलं असलं, तरी आधी परवानगी घ्या.